दोन दुकानांच्या मधली भिंत

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे. कधी लिहीत नाही, नुसती वाचते... आणि खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. कुणाला जुन्या बंगल्यात पावलांचा आवाज आला, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो – जिना लाकडी होता का? लाकूड गार पडलं की वाजतं. कुणाला घाटात पांढरं काहीतरी दिसलं, की मी धुक्याचा महिना होता का ते बघते. नवरा म्हणतो, "तुला एक दिवस हाकलून देतील तिथनं."

माझं शिक्षण बी.ई. सिव्हिल. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील, म्हणजे आबा, गवंडी, औसा तालुक्यातले. आई सही करते, पण वाचता येत नाही. भुताखेतांवर विश्वासच ठेवायचा असता तर तो गावात राहूनही ठेवता आला असता; त्यासाठी चार वर्षं हॉस्टेलचं पाणीदार वरण प्यायची गरज नव्हती. तेव्हा खाली जे लिहिलंय ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पहिली खवचट कमेंट माझी असती, हे मला मान्य आहे. तुम्हीही करा. कुणाच्या कमेंटमधून उत्तर सापडलं तर मला हवंच आहे.

आम्ही कतारला राहतो. घर मुऐदरमध्ये, एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या भागात – मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी ईशा. माझं ऑफिस मुशैरिबमध्ये, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंगची थ्रीडी मॉडेल्स बनवणं हे माझं काम. म्हणजे नुसता नकाशा नाही. भिंत, दार, खिडकी, पायरी, सगळं कॉम्प्युटरमध्ये बांधायचं आणि मग स्क्रीनवर त्यातून चालत फिरायचं. आबा खऱ्या विटा रचतात आणि मी खोट्या, असं मी त्यांना समजावून सांगते. ते म्हणतात, "मग बरंय, पाठ तरी दुखत नसंल."

आमच्या ऑफिसात मिस्टर अॅलन होते. इंग्रज, वय सहासष्ट, दोह्यात वीस वर्षं काढलेले. चांगला माणूस, पण शिस्तीचा. मी नवीन असताना एक मोठी चूक केली होती. एका व्हिलाच्या सगळ्या दारांना, अगदी बेडरूम-बाथरूमलासुद्धा, मी उंबरठे काढले. मला वाटलं दार म्हटलं की उंबरठा आलाच! मीटिंगमध्ये स्क्रीनवर मॉडेल उघडलं आणि लोक हसायला लागले. एकजण म्हणाला, "घरात पूर येणार आहे का?" माझे कान लाल झाले. मिस्टर अॅलननी मात्र विचारलं, "हे कशासाठी असतं?" मी म्हटलं, "आत कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून." ते म्हणाले, "विचार चांगला आहे. पण इथे व्हीलचेअर अडकेल, काढून टाक." मी काढून टाकले. पण तो उंबरठा माझ्या लायब्ररीत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तयार भागांच्या साठ्यात, तसाच राहिला, 'उंबरा-४०' या नावानं. चाळीस म्हणजे चाळीस मिलिमीटर उंच.

तर हे मिस्टर अॅलन मूळचे हल नावाच्या शहरातले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर, मासेमारीचं. त्यांचे वडील ट्रॉलरवर होते – तीन आठवडे समुद्रात, तीन दिवस घरी. ते राहायचे त्या गल्लीतली घरं आणि दुकानं मिस्टर अॅलन दहा-अकरा वर्षांचे असताना पाडली आणि लोकांना शहराबाहेरच्या नव्या वस्तीत नेलं. आता तिथे गोदामं आहेत. गल्लीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

लंचला ते त्या गल्लीबद्दल सांगायचे. क्रीम रंगाचा टेलिफोन बूथ – बाकी इंग्लंडात लाल, फक्त हलमध्ये क्रीम, याचा त्यांना फार अभिमान. मासे धुरावर धरायची धुराडी. घरांच्या मागची बोळ, तिला तिकडे 'टेनफूट' म्हणतात. आणि चिप्सच्या, म्हणजे तळलेल्या माशा-बटाट्याच्या, दुकानातली 'पॅटी' – कुस्करलेला बटाटा, त्यात एक वाळलेला पाला, वरून पिठाचं आवरण आणि तळायचं. मी म्हटलं, "मिस्टर अॅलन, हा बटाटेवडा आहे."

"अजिबात नाही. ही पॅटी आहे."

"बिनमिरचीचा बटाटेवडा."

दुसऱ्या दिवशी मी करून नेला. त्यांनी एक खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, पाणी प्याले आणि म्हणाले, "हो. तोच. फक्त याला राग आलाय."

एकदा ते खिडकीतून खाली बघत म्हणाले, "मी पहिल्यांदा आलो तेव्हा बरोब्बर इथे, आपल्या पायांखाली, एक घड्याळवाला होता. त्याच्या शेजारी कापडवाला, मग ज्यूसवाला. सगळं गेलं. आपण दोघं पाडलेल्या दुकानांच्या डोक्यावर बसलोय, वैशाली." पहिल्यांदाच तसं कुणी म्हटलं. मी रोज गाडीतून उतरून त्या गुळगुळीत दगडी फरशीवरून चालत यायचे, खाली काय होतं याचा विचार कधी केला नव्हता.

आता मुद्द्याचं. मिस्टर अॅलनना एक मोठी बहीण, मोरीन, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला स्मृतिभ्रंश झालाय, हलमध्येच एका वृद्धाश्रमात असते. दिवसभर ठीक. पण दुपारचे चार वाजले, चहा झाला, की उठून कोट घालायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. "मला दुकानात जायचंय. मॅमनं पाठवलंय. बंद होईल." 'मॅम' म्हणजे आई. कुठल्या दुकानात, काय आणायला, ते सांगता यायचं नाही. दार उघडलं नाही की रडायची, लहान मुलीसारखी, दोन-दोन तास. रोज. दीड वर्षं हे चाललं होतं. गोळी दिली की झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला कोट.

मिस्टर अॅलनचं इथलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. कायमचं परत जायचं होतं, पण भीती एकच – रोज चारला तिच्याबरोबर दाराशी उभं राहायचं आणि तिला नाही म्हणायचं. त्यांनीच कल्पना काढली. आपण ती गल्ली मॉडेलमध्ये बांधू. तिला टॅबलेटवर त्यातून चालवू. ज्या दुकानाशी ती थांबेल, ते तिचं दुकान. एकदा कळलं की पुढचं बघता येईल.

मी म्हटलं, मी बांधते. पैशाचा विषय निघाला नाही, मी निघू दिला नसता. फावल्या वेळात, जेवणाच्या सुट्टीत, कधी संध्याकाळी तासभर थांबून, दोन महिने आम्ही ते काम केलं. त्यांच्याकडे दोन फोटो होते आणि वहीतली स्केचेस. बाकी सगळं डोक्यातलं. ते डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे – "बेकरी. खिडकीखाली हिरव्या टाइल्स, तिसरी फुटलेली. मग लोखंडी सामानाचं दुकान, बाहेर बादल्या टांगलेल्या..." मी बांधत जायचे. माणसाला पन्नास-पंचावन्न वर्षांनी फुटलेली टाइल आठवते! मला आमच्या शाळेच्या भिंतीचा रंगसुद्धा सांगता येणार नाही.

एकाच ठिकाणी घोटाळा होता. लोखंडी सामानाचं दुकान आणि चिप्सचं दुकान, यांच्या मधे साधारण दहा फूट. जुन्या फोटोत तिथे नेमकी पावाची व्हॅन उभी, मागचं काहीच दिसत नाही. मी विचारलं, इथे काय होतं?

"भिंत."

"नुसती?"

"नुसती विटांची भिंत. आम्ही तिच्यावर चेंडू मारायचो."

मी भिंत बांधली. फाईल सेव्ह केली, गुरुवारी संध्याकाळी घरी आले. पुढच्या शुक्रवारी त्यांचं विमान होतं.

शुक्रवार-शनिवार आम्हाला सुट्टी. शनिवारी अल थुमामाला प्राजक्ताच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, बाळाचं बारसं होतं. आम्ही अकराला पोचलो, पाळणा सजवला, बाराच्या सुमाराला नाव ठेवलं, पाळणे म्हटले, जेवलो, चारनंतर निघालो. किमान तीस बायकांनी मला तिथे बघितलंय आणि त्यातल्या निम्म्यांकडे माझे श्रीखंड वाढतानाचे फोटो आहेत, वेळेसकट. हे मी इतकं तपशिलात का सांगतेय ते पुढे कळेल.

रविवारी सकाळी साडेसातला ऑफिसात आले, फाईल उघडली. भिंत नव्हती.

तिथे एक दुकान होतं.

अरुंद. एकच खिडकी, शेजारी दार. दाराला उंबरठा – माझाच 'उंबरा-४०', पण उंची चांगली सहा इंच केलेली, आणि मधोमध नाही तर डाव्या बाजूला झिजवलेला, रोज लोक एकाच अंगानं चढत असावेत तसा. मी आत गेले. म्हणजे स्क्रीनवर. बुटका काउंटर. मागच्या भिंतीवर पायांचे लाकडी साचे, ओळीनं टांगलेले. बूट-चपला दुरुस्त करणाऱ्याकडे असतात ते. काउंटरच्या खालच्या फळीवर बारक्या बुटांची एक जोडी, दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

माझ्या लायब्ररीत बूट नाहीत. मला बूट मॉडेल करता येत नाहीत. मी घरं बांधते.

पहिलं काय वाटलं सांगू? भीती नाही. राग आला. कुणीतरी माझ्या कामात हात घातला म्हणून. मी फाईलची हिस्टरी उघडली. शनिवार, दुपारी बारा दहा ते तीन पाच. युजर – मी. प्रत्येक भागाला नाव दिलेलं, आणि नावं द्यायची पद्धत माझीच. मी विटांच्या भिंतीला आडवा थर मोजून नाव देते, आबांनी शिकवल्यासारखं. ऑफिसात दुसरं कुणी तसं करत नाही.

मिस्टर अॅलन आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बाहेरूनच बघितलं आणि चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही. बूट दुरुस्तीचं दुकान दिसतंय."

"आमच्या गल्लीत असलं दुकान नव्हतं. ते चर्चच्या मागे होतं. इथे भिंत होती, मी सांगितलं होतं तुला."

"मी भिंतच बांधली होती."

"फाईल तुझी, लॉगिन तुझं. आणि हा उंबरठा तर फक्त तूच काढतेस." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तू हे चांगुलपणानं केलं असशील. म्हातारीला दुकान हवंय ना, मग देऊ या एक दुकान. पण माझी बहीण दीड वर्ष एका नसलेल्या दुकानासाठी रडतेय, वैशाली. तिच्यासमोर मी अजून एक खोटं दुकान ठेवू?"

मला फार लागलं ते. मी म्हटलं, "मिस्टर अॅलन, मी दया म्हणून विटा रचत नाही. मला जे सांगतात तेच मी काढते. हे मी काढलेलं नाही."

"मग डिलीट कर."

"माझं नाही ते मी डिलीट कसं करू? तुम्ही करा. हे घ्या." मी माऊस त्यांच्या बाजूला सरकवला.

त्यांनी केलं नाही. म्हणाले, "दोन व्हर्जन ठेव. एक भिंतीचं, एक हे. दाखवायचं भिंतीचं." आणि गेले. त्या आठवड्यात आम्ही कामापुरतंच बोललो.

सोमवारी मी आमच्या आयटीच्या निखिलला धरलं. नाशिकचा पोरगा, एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, मला ताई म्हणतो. त्यानं सगळं तपासलं. बाहेरून कुणी लॉगिन झालेलं नाही. ऑफिसच्या दाराला कार्ड लावावंच लागतं, शनिवारी एकही कार्ड लागलेलं नाही. माझा कॉम्प्युटर मात्र बारा नऊला सुरू झालाय आणि तीन सहाला बंद.

"ताई, तुम्हीच केलंय हो. विसरलात."

"मी बारशाला होते रे!"

"मग बाळानं केलं असेल."

"निखिल, मस्करी नको."

त्यानं विचारलं, "वर कळवू का?" मी म्हटलं, नको, खलास. काय कळवणार? 'सुट्टीच्या दिवशी कुणीतरी माझं काम माझ्यापेक्षा चांगलं करून गेलं' अशी तक्रार?

संध्याकाळी घरी ईशाला सांगितलं तर तिचं भलतंच. "आई, युअर घोस्ट नोज थ्रीडी! सो कूल." नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव, ताण असेल. मग आबांना फोन लावला. ते ऐकत राहिले. शेवटी विचारलं, "काम कसं झालंय?"

"चांगलं झालंय, आबा. वीट न् वीट बरोबर."

"मग कुणाचं तरी राहिलेलं काम असंल गं. काम अर्धं राहिलं की माणूस बेचैन ऱ्हातो. मोडू नको तेवढं."

मी इंजिनिअर आहे. हे उत्तर मला चालत नाही. पण मोडलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सातला – तिकडे चार, थंडीचे दिवस होते – ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही मीटिंग रूममध्ये बसलो आणि व्हिडिओ कॉल लावला. मोरीनच्या बाजूला सांभाळणारी नर्स टॅबलेट धरून बसली होती. मोरीननं कोट घातलेला. पांढरे केस, हनुवटीवर एक जुनी खूण, डोळे मिस्टर अॅलनसारखे. ती दाराकडेच बघत होती. मिस्टर अॅलन म्हणाले, "मो, चल, जाऊ या. मी येतो बरोबर."

मी भिंतीची फाईल उघडली आणि कॅमेरा हळूहळू गल्लीतून न्यायला लागले.

तिनं मान वळवली. बेकरी आली आणि ती म्हणाली, "तिसरी टाइल आमच्या बिलीनं फोडली." टेलिफोन बूथ आला, "याच्यात वास येतो." लोखंडी सामानाचं दुकान. बादल्या. तिचा आवाज तरुण होत चालला होता. आणि मग भिंत आली.

"थांब," ती म्हणाली. मी थांबले. तिनं टॅबलेटच्या काचेवर हात ठेवला, चाचपला. "कुणी बंद केलं?" आणि ते रडणं सुरू झालं. मी आजवर फक्त ऐकलेलं. पोटातून येणारं, श्वास न घेता. नर्स म्हणायला लागली, आज पुरे. मिस्टर अॅलननी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग उरला नव्हता, नुसते थकले होते. त्यांनी मान हलवली.

मी दुसरी फाईल उघडली.

रडणं अर्ध्यात थांबलं. नाक पुसून ती म्हणाली, अगदी दटावून, "पाय उचल, अॅलन. उंच आहे. मी पडले होते इथे."

मी कॅमेरा उंबरठ्याच्या वरून आत नेला.

"भरतीचं पाणी यायचं म्हणून लावलंय," ती सांगत होती, कुणा नवख्याला सांगावं तसं. "म्हातारा आत बसतो. खाली बघ. फळीवर."

मी कॅमेरा खाली केला. बुटांची जोडी दिसली.

"ते. अॅलनचे."

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत आलं, मी जोडून सांगते. अॅलनची शाळा सुरू व्हायची होती, पहिला दिवस. थोरल्या भावाचे, त्याच बिलीचे, जुने बूट त्याच्यासाठी लहान करायला टाकले होते. आईनं तिला आणायला पाठवलं, बंद व्हायच्या आत आण म्हणून. ती वाटेत खेळत बसली, मग धावत आली, उंबरठ्याला अडखळून तोंडावर आपटली, हनुवटी फुटली. लोकांनी उचलून घरी नेलं, टाके घातले. बूट दुकानातच राहिले. त्याच आठवड्यात म्हातारा वारला, दुकान कायमचं बंद झालं आणि जागेच्या मालकानं पुढून विटा लावून टाकल्या. अॅलन पहिल्या दिवशी शाळेत गेला तो तिच्या जुन्या, पट्ट्याच्या, मुलींच्या बुटांत.

मिस्टर अॅलन ताठ बसले होते. हळूच मला म्हणाले, "लाल बूट. पोरं मला दोन वर्षं 'मुलगी' म्हणून चिडवायची. मी तिच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. तू मुद्दाम केलंस म्हणायचो... तिनं कधी सांगितलंच नाही." मग म्हणाले, "मी चार वर्षांचा होतो. मला फक्त भिंत आठवते."

मोरीन तिकडून ओरडली, "घे की! घाल पायात! घंटा होईल!"

आणि मुशैरिबच्या त्या मीटिंग रूममध्ये सहासष्ट वर्षांचा तो माणूस खुर्ची मागे सरकवून खाली वाकला. त्यांचे ऑफिसचे काळे बूट होते. त्यांनी एका बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग दुसऱ्याची.

"बांधली?"

"बांधली, मो."

"डबल गाठ?"

"डबल."

"मग जा आता." ती मागे टेकली. कोटाची बटणं तिनं स्वतः काढली, एकेक, आणि नर्सला विचारलं, "चहा झाला का आपला?"

दुसऱ्या दिवशी मिस्टर अॅलन गेले. जाताना त्यांनी माझी माफी मागितली. मी म्हटलं, त्याची गरज नाही; मी तुमच्या जागी असते तर मीही मला खोटं ठरवलं असतं.

आता तुम्ही जे विचाराल ते सगळं माझं स्वतःला विचारून झालंय. मी आधी करून विसरले? वेळेची नोंद शनिवारची आहे, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ निखिलनं दोनदा तपासलं. निखिलनं केलं? त्याला वीट उभी लावतात की आडवी हे माहीत नाही, आणि मोरीनची हनुवटी त्याला कुठून कळणार? मिस्टर अॅलननी? त्यांना सॉफ्टवेअर उघडता येत नाही, आणि शनिवारी ते सामान बांधत होते. फोटोतून माझ्या नजरेनं काही टिपलं असेल? फोटोत व्हॅन आहे. योगायोग म्हणावं तर किती गोष्टींचा? दुकानाचा, उंबरठ्याचा, बुटांचा... गणित मला येतं. बसत नाही.

मागच्या महिन्यात मिस्टर अॅलनचा लांबलचक मेसेज आला. त्या दिवसानंतर मोरीननं एकदाही कोट घातला नाही. चारला रडणं नाही, गोळी नाही. खिडकीशी शांत बसते. ते रोज जातात. पण आता ती त्यांना ओळखत नाही. 'तुम्ही कोण?' असं नम्रपणे विचारते, त्यांनी आणलेलं बिस्कीट घेते, थँक यू म्हणते. त्यांनी लिहिलं होतं – 'दीड वर्ष ती माझेच बूट आणायला निघत होती, वैशाली. तेवढंच काम तिला धरून होतं की काय? ते संपवून आपण बरोबर केलं ना?'

मी चार वेळा उत्तर टाईप केलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, 'ती आता रडत नाही ना?' त्यांचं उत्तर आलं, 'नाही.' मग थोड्या वेळानं, 'मी रडतो कधीकधी. चालायचंच.'

त्यांनी एक मागणी केली होती. तिच्या खोलीत लावायला गल्लीची एक मोठी प्रिंट हवी, दुकानांच्या नावांसकट, व्यवस्थित, ऑफिसच्या ड्रॉइंगसारखी. मी शीट बनवली. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते – कुणी काढलं, कुणी तपासलं. माझं नाव त्या चौकटीत पहिल्यांदा छापून आलं होतं तेव्हा मी तो कागद गावी पाठवला होता. आबांनी तो देवाच्या फोटोशेजारी लावलाय. माझ्या नावाची मला किंमत आहे. मी न केलेल्या कामावर ते कधी घातलेलं नाही, आणि केलेल्या कामावरून कधी पुसू दिलेलं नाही.

'तपासलं' या रकान्यात मी मोरीनचं नाव टाकलं. 'काढलं' या रकान्याशी बराच वेळ बसले.

प्रिंटच्या दुकानातून फोन आला. "मॅडम, एक खाना खाली रह गया है. नाम डालना है क्या?"

"नहीं, भैया," मी म्हटलं, "वैसे ही छापो."